बाईंनी सर्व्हर बंद केला

नार्दी सुरिता आमच्या कंपनीत सॉफ्टवेअर विभागाच्या मॅनेजर झाल्या, कार्डावर तसं छापूनही आलं, पण ऑफिसात त्यांना कुणी मॅडम म्हटलं नाही की इंजिनियर म्हटलं नाही. मालकापासून झाडूवालीपर्यंत सगळे 'बाई' म्हणायचे. कारण त्या होत्याच शाळेतल्या बाई. आयकिले गावच्या शाळेत त्यांनी बरीच वर्षं गणित शिकवलं होतं, आणि खांदे ताठ ठेवून वर्गाकडे बघायची ती नजर त्यांनी कोचाबाम्बा शहरात येतानाही बरोबर आणली होती. मीटिंगमध्ये दोघं जण कुजबुजायला लागले, की बाई बोलायच्या थांबायच्या आणि नुसत्या बघायच्या. लगेच चिडीचूप.

मी मार्लेने. त्यांच्या हाताखाली टेस्टर होते. प्रोग्रॅमर जे बनवतात ते मोडून दाखवायचं, हे माझं काम. त्यामुळे ऑफिसात माझं कुणाशी फारसं जमायचं नाही, बाईंशी मात्र जमलं.

बाई या धंद्यात आल्या त्या आयकिलेच्या शाळेला कुणीतरी देणगीत दिलेल्या कम्प्युटरांमुळे. खोकी आली, हार-तुरे झाले, भाषणं झाली आणि मग खोकी तशीच खोलीत पडून राहिली. बाईंनी एका सुट्टीत त्यातलं एक उघडलं. पुस्तक वाचून, चुकत, पुन्हा करत त्यांनी मुलांच्या गुणांची बेरीज करणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. शेजारच्या शाळांचे शिक्षक तो मागायला येऊ लागले. बाईंना त्यात इतकी गोडी लागली, की एक दिवस त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला.

त्यांची आई, दोन्या एउफ्रोनिया, पुनाताच्या बाजारात पाव विकायची. तिने टोपली खाली ठेवली आणि भर बाजारात विचारलं, "सरकारी नोकरी सोडलीस? आणि आता काय करणार?"

"कम्प्युटरचं काम करीन, आई."

"म्हणजे डब्याशी बोलत बसणार. पोरं ऐकत नव्हती म्हणून डबा शोधलास होय?"

आसपासच्या पाववाल्या खो खो हसल्या. बाई हा किस्सा स्वतःच सांगायच्या, आईचा आवाज काढून.

आमचे मालक डॉन, म्हणजे साहेब, गुआल्बेर्तो. पूर्वी ते शाळेची पुस्तकं छापायचे. पुस्तक बाजारात आलं की आठवडाभरात कांचा बाजारात त्याच्या झेरॉक्स निम्म्या किमतीत मिळायच्या. वैतागून त्यांनी छापखाना विकला आणि शाळांसाठी टॅबलेटवर चालणारे धडे बनवायची कंपनी काढली. बाईंना त्यांनी घेतलं ते फोनवर बसायला. खेड्यापाड्यांतून शिक्षकांचे फोन यायचे आणि बाई त्यांना समजावून सांगायच्या.

"अहो बाई, पडदा काळा झालाय! काहीच दिसत नाही!"

"बरं. गडबडू नका. चार्जिंगला लावलाय का?"

"लावलाय की, सकाळपासून."

"वीज आहे ना गावात?"

"वीज? वीज सोमवारपासून नाहीये, बाई."

या फोनांमधून बाईंना जे कळत होतं ते आमच्या प्रोग्रॅमरना कळत नव्हतं. दर शुक्रवारी, साल्तेन्या म्हणजे सारणाच्या गरम करंज्या खायला सगळे जमायचे तेव्हा, बाई त्यांच्यासमोर उभ्या राहून तक्रारी सांगायच्या. बटण इतकं बारीक का? मुलाने चूक केली की एवढी मोठी लाल फुली आणि वर आवाज कशाला? प्रोग्रॅमर तोंडात घास असल्याचं सोंग करून गप्प बसायचे. शेवटी एकाने कंटाळून म्हटलं, "एवढं कळतं तर तुम्हीच करा." बाईंनी ते मनावर घेतलं. संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं, पोरासोरांच्या बरोबर बाकावर बसल्या, पदवी घेतली आणि प्रोग्रॅमरांच्या रांगेत खुर्ची मिळवली. पुढे जुना मॅनेजर सान्ता क्रूसला निघून गेला तेव्हा डॉन गुआल्बेर्तोंनी त्याची जागा बाईंना दिली.

मॅनेजर म्हणून त्यांचं पहिलं वर्ष वाईट गेलं, हे सांगायला हवं. दुसऱ्यांनी लिहिलेलं काम त्यांच्याने बघवायचं नाही. रोज सकाळी कुणाचं तरी काम बाईंनी रातोरात बदललेलं असायचं. सगळ्यात जास्त भडकायचा ईवार. ईवार मोंतान्यो म्हणजे आमच्यातला सर्वांत हुशार माणूस. कानावर हेडफोन, पायात महागडे बूट, आणि आपल्यासारखा प्रोग्रॅमर सबंध देशात नाही हा ठाम समज. एकदा तो सरळ त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला.

"बाई, एक विचारू? तुम्ही शाळेत मुलाचा पेपर तपासायच्या की त्याची उत्तरंही तुम्हीच लिहायच्या?"

सगळं ऑफिस थांबलं. बाईंचा चेहरा लाल झाला. मग त्या हळूच म्हणाल्या, "पेपर तपासायचे."

"मग आमचाही तपासा. लिहू नका."

त्या दिवसापासून बाईंनी दुसऱ्याच्या कामात हात घातला नाही. त्यांना ते किती जड गेलं ते मी पाहिलंय. पडद्यावर चूक दिसली, की त्या दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायच्या आणि म्हणायच्या, "इथे जरा पुन्हा बघ बरं."

आता मुख्य गोष्ट.

डोंगरातल्या रुमी कोराल गावात साबिना कोल्के नावाची शिक्षिका होती. फोनवरच्या दिवसांपासून तिची आणि बाईंची ओळख. तिच्या डोक्यातून एक कल्पना निघाली, की मुलांनी घरी जाऊन आजी-आजोबांना गोष्टी विचाराव्यात, टॅबलेटवर त्यांचा आवाज भरावा आणि मग ती गोष्ट त्यांच्या केचुआ भाषेत आणि स्पॅनिशमध्ये लिहून काढावी. बाईंना ती इतकी आवडली, की त्यांनी टॅबलेटमध्ये त्यासाठी खास सोय करून घेतली. एका शाळेचं बघून दुसऱ्या शाळेने केलं, आणि त्या सत्रात डोंगरातल्या बहुतेक शाळांमध्ये मुलं म्हाताऱ्यांच्या मागे टॅबलेट घेऊन फिरत होती. ते आवाज आमच्या सर्व्हरवर येऊन पडायचे. मी तपासायला म्हणून ऐकायला बसायचे आणि तासन्‌तास ऐकत राहायचे. कोल्ह्याच्या गोष्टी, दुष्काळाच्या गोष्टी, खाणीत गेलेल्या भावांच्या गोष्टी. मागे कोंबड्या, कुत्री, चुलीतल्या लाकडांचा तडतड आवाज. आमच्या ऑफिसात निम्म्या लोकांना केचुआ यायची नाही. ईवारला तर मुळीच नाही. त्याची आजी केचुआच बोलायची, पण शाळेतल्या मित्रांसमोर ती बोलली की त्याला लाज वाटायची, असं त्यानेच एकदा सांगितलं होतं.

सर्व्हरवर जागा कमी पडू लागली, म्हणून ईवारला सफाईचं काम दिलं होतं. माझ्यासारख्यांनी चाचणीसाठी टाकलेल्या खोट्या फायली शोधून पुसायच्या. त्याने त्यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला आणि एका शुक्रवारी सकाळी येऊन चालवला. आम्ही साल्तेन्याच्या गाडीपाशी उभे होतो. तो परत जागेवर गेला आणि थोड्या वेळाने मला त्याचा आवाज ऐकू आला.

"मार्लेने, जरा इकडे ये."

त्याचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. पडद्यावर आवाजांचा कप्पा रिकामा होता. खोट्या फायलींबरोबर खऱ्याही गेल्या होत्या.

"बॅकअप आहे ना?" मी विचारलं.

आम्ही बॅकअप उघडला. तो कित्येक आठवडे भरलेलाच नव्हता. बंद पडला की इशाऱ्याचा मेल जायचा, पण तो जायचा सान्ता क्रूसला गेलेल्या जुन्या मॅनेजरच्या पत्त्यावर. तो पत्ता बदलायचं काम बाईंकडे होतं. 'करू, करू' म्हणत त्यांनी ते पुढे ढकललं होतं.

बाई आल्या. ईवार उभा राहिला. बाईंनी पडदा पाहिला, बॅकअप पाहिला, आणि खुर्चीच्या पाठीला घट्ट धरलं.

"टॅबलेटवर प्रत असेल ना अजून?" त्यांनी विचारलं.

"आहे," ईवार म्हणाला, "पण टॅबलेट पुन्हा नेटला जोडला, की तो पहिलं काम तेच करणार. सर्व्हरवर पोचलेलं काम स्वतःकडचं पुसायचं. जागा वाचावी म्हणून. मीच तसं लिहिलंय."

"दुरून दुरुस्ती पाठवली तर?"

"दुरुस्ती घ्यायला आधी जोडावं लागेल, बाई. जोडला की पुसणार."

बाई म्हणाल्या, "सर्व्हर बंद कर."

"आवाजांचा?"

"सगळा. देशभरचा. जोडायला काही राहिलंच नाही तर पुसणार कसं? कर बंद."

ईवारने बंद केला. त्याबरोबर देशभरातल्या आमच्या सगळ्या शाळा अंधारात गेल्या. पाच मिनिटांत डॉन गुआल्बेर्तो केबिनमधून बाहेर आले. त्यांच्या दोन्ही हातांतले दोन्ही फोन वाजत होते.

"नार्दी! काय चाललंय काय? पुढच्या आठवड्यात शिक्षण खात्याची माणसं येतायत पाहणीला! करार नवा करायचाय!"

बाईंनी त्यांना केबिनमध्ये नेलं, पण केबिनची भिंत प्लायवूडची. आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"एवढंच ना?" डॉन गुआल्बेर्तो म्हणाले. "अगं, मग सगळ्या पोरांना या गृहपाठाचे सत्तर-सत्तर गुण देऊन टाक. कोण विचारतंय? पोरं खूश, मास्तर खूश."

"गुणांचं नाही हो. ते आवाज आहेत."

"पुन्हा भरतील. आजोबा काही पळून जात नाहीत."

"म्हातारी माणसं आहेत ती, डॉन गुआल्बेर्तो. काही जण गेलेसुद्धा असतील."

"आणि करार गेला तर? तिकडे बाहेर बसलेत त्यांच्या पोटाचं काय? कोणी केलं हे? नाव सांग, मी खात्याला सांगतो, त्या माणसाला काढलं म्हणून. प्रकरण मिटेल."

"बॅकअप मी बघायचा होता. मी नाही बघितला. सांगायचंच असेल तर माझं नाव सांगा."

आतले दोन्ही फोन एकामागून एक बंद झाले. मग डॉन गुआल्बेर्तो म्हणाले, "तू ना, मास्तरीणच राहिलीस." हे कौतुक होतं की शिवी, ते भिंतीपलीकडून कळलं नाही. पण सर्व्हर चालू करा असं ते म्हणाले नाहीत.

बाहेर येऊन बाईंनी सगळ्यांना फोनवर बसवलं. कुणी डिझायनर होता, कुणी हिशेब बघणारी होती, सगळे बसले. एकेका शाळेला फोन करून सांगायचं होतं की आमच्याकडून मुलांचं काम पुसलं गेलं आहे, टॅबलेट सुरूसुद्धा करू नका, आम्ही येतोय. पहिल्याच फोनवर एका मास्तरांनी मला अशा शिव्या घातल्या की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. "हो, चूक आमचीच आहे," एवढंच त्या म्हणत राहिल्या, आणि त्या मास्तरांचं बोलून होईपर्यंत त्यांनी फोन ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. दोघातिघांचे गट केले, प्रत्येक गटाकडे एक लॅपटॉप आणि वायर. माझ्या गाडीत बाई आणि ईवार होते. ईवारने सकाळीच राजीनामा लिहून आणला होता. बाईंनी तो न वाचता परत दिला. "आधी काम कर. मग जायचं तर जा, मी अडवणार नाही."

अर्ध्या वाटेत रास्ता रोको. दगड, काट्या, जळते टायर, आणि रस्त्यावर निवांत गालात कोकाची पानं धरून बसलेली माणसं. त्यांच्यातली एक जाडजूड मावशी गाडीच्या पुढे येऊन उभी राहिली.

"कुठे निघालात? सरकारी का?"

"नाही हो. आम्ही कम्प्युटरवाले," बाई केचुआत म्हणाल्या.

"मग उडत जा की! इंटरनेटवरून!"

सगळे हसले. बाईही हसल्या. गाडी तिथेच सोडून आम्ही सामान पाठीवर टाकलं आणि शेतातून चालत पलीकडे गेलो. ईवारचे ते महागडे बूट चिखलात रुतले. त्याने एका शब्दाने तक्रार केली नाही. पलीकडे बटाट्याचा ट्रक मिळाला, त्यात पोत्यांवर बसून पुढे.

शाळा-शाळांतून आम्ही आवाज गोळा करत गेलो. बाई मुलांशी बोलायच्या, मी यादी लावायचे, ईवार टॅबलेट जोडून प्रत काढायचा. प्रत निघाली की ती नीट आहे ना हे बघायला तो सुरुवातीची चार वाक्यं ऐकायचा. दुसऱ्या की तिसऱ्या शाळेत मी पाहिलं, तो चार वाक्यांवर थांबत नव्हता. कळत नव्हतं त्याला, तरी ऐकत होता. मग शेजारच्या पोराला विचारायचा, "हा काय म्हणाला रे?" पोरं त्याच्या उच्चारांना हसून लोळायची आणि मग सांगायची. आया उकडलेले बटाटे, मका आणि ताजं चीज घेऊन यायच्या. रागावलेल्या गावांनीही आम्हाला उपाशी पाठवलं नाही.

रुमी कोरालला मात्र आम्हाला उशीर झाला होता. साबिनाला आमचा फोन लागलाच नव्हता. सर्व्हर बंद व्हायच्या थोडं आधी ती बाजाराच्या गावी गेली होती, आणि तिथे सिग्नल मिळतो म्हणून शाळेचे सगळे टॅबलेट बरोबर नेऊन नेटला जोडून आली होती. ईवारने एकेक टॅबलेट जोडून पाहिला. सगळे रिकामे. ज्या शाळेने हे सुरू केलं, नेमकं तिचंच काही उरलं नव्हतं.

बाईंनी साबिनाला सांगितलं. साबिना लहानखुरी, सावळी, कायम घाईत असल्यासारखी बाई. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "मला काय सांगता? मुलांना सांगा."

वर्गात बाई फळ्यासमोर उभ्या राहिल्या. केचुआत, साध्या शब्दांत सांगितलं, की तुमचे आवाज आमच्याकडे होते, ते आम्ही हरवले, परत मिळणार नाहीत.

पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "कोणी हरवले?"

बाई म्हणाल्या, "आम्ही."

तेवढ्यात मागून ईवार म्हणाला, "मी." केचुआत म्हणाला. रस्त्यात तेवढं तो शिकला होता.

मुलीचं नाव एलुतेरिया. सत्र सुरू असतानाच तिचे आजोबा वारले होते. साबिनाने ते आम्हाला नंतर सांगितलं. तिने ईवारकडे पाहिलं, दप्तर उचललं आणि बाहेर निघून गेली.

बाई तिच्या मागे जायला निघाल्या तशी साबिनाने त्यांचा हात धरला. "राहू द्या तिला. तुम्हाला माफी हवी असते, म्हणजे हलकं होऊन घरी जाता येतं. ती तिच्याकडे मागू नका."

बाईंनी मान डोलावली. मी त्यांना इतक्या वर्षांत कधी रडताना पाहिलं नव्हतं आणि तेव्हाही त्या रडल्या नाहीत, पण परतीच्या ट्रकमध्ये त्या रुमी कोरालची रिकामी यादी मांडीवर धरून बसल्या होत्या. ईवार मात्र साबिनाला म्हणाला, की मी इथे थोडे दिवस राहतो. तो राहिला. ज्यांचे आजी-आजोबा होते त्यांच्या घरी मुलांबरोबर गेला आणि पुन्हा आवाज भरून घेतले. काही म्हाताऱ्यांनी हौसेने सांगितलं, काहींनी हाकलून दिलं. एलुतेरिया त्याच्याशी शेवटपर्यंत बोलली नाही.

ऑफिसात आल्यावर बाईंनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे टॅबलेटवरचं काम शिक्षकाने स्वतः पुसल्याशिवाय पुसलं जाणार नाही, अशी व्यवस्था. त्यासाठी जास्त जागेचे टॅबलेट लागणार म्हणून डॉन गुआल्बेर्तो कुरकुरले, आणि मग त्यांनी ते घेतले. शिक्षण खात्याला बाईंनी सगळं जसं झालं तसं सांगितलं. करार नवा झाला, पण निम्म्या शाळांचा. त्यामुळे काही जणांना काढावं लागलं, आणि ते सांगायचं कामही बाईंच्याच वाट्याला आलं. त्यांनी ते मेलवर नाही केलं. एकेकाला बाहेर, रस्त्यापलीकडच्या आपीच्या, म्हणजे मक्याच्या गरम पेयाच्या, टपरीवर नेऊन समोर बसवून सांगितलं. काढलेल्यांपैकी एकाने समोरचा ग्लास उलटवून टाकला. बाईंनी दुसरा मागवला.

कंपनीत बाईंच्या वरची संचालकाची जागा रिकामी झाली तेव्हा सगळ्यांना वाटलं बाईंना मिळेल. ती ला पासहून आलेल्या एका उमद्या तरुणाला मिळाली. बाईंना वाईट वाटलं. वाटलं नाही असं त्या म्हणायच्या, पण महिनाभर त्या शुक्रवारी साल्तेन्या खायला आल्या नाहीत. पुढे चिलीतल्या एका मोठ्या कंपनीने त्यांना बोलावलं, आणि त्या गेल्या. सान्तियागोत त्यांचं चांगलं चाललं, पगार चांगला, माणसं चांगली. पण दोन्या एउफ्रोनियांचे गुडघे गेले, पाव विकणं बंद झालं, आणि बाई लॅपटॉप घेऊन पुनाताला परत आल्या. तेच काम आता त्या आईच्या घरून करतात.

ईवार आमच्याच ऑफिसात आहे. आता तो मॅनेजर. त्याच्या हाताखालची पोरं त्याला घाबरतात, आणि मला वाटतं त्याला ते आवडतं. सुट्टी मिळाली की रुमी कोरालला एक चक्कर असतेच. केचुआ बरी बोलतो, उच्चार अजून तसेच.

गेल्या रविवारी मी पुनाताला गेले होते. अंगणात मोयेच्या झाडाखाली बाई मीटिंगमध्ये होत्या, रविवार असूनही. तिकडे काहीतरी मोडलं होतं. पडद्यावर घाबरलेला एक तरुण चेहरा होता. बाई शांतपणे त्याला एकेक गोष्ट विचारत होत्या. मागे कोंबडा ओरडत होता. दोन्या एउफ्रोनिया दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"ये गं, बस," त्या मला म्हणाल्या. "हिचं चाललंय. पेन्शन घेऊन सुखाने बसली असती आता. पण नाही."

"आई, हळू. ऐकू जातं त्यांना."

"जाऊ दे की. स्पॅनिशमध्ये थोडंच बोलतेय मी?" म्हातारीने मला जवळ ओढलं. "आणि हा पोरगा दिसतो का तुला? फार रडवेला झालाय. तिला सांग, त्याला ओरडू नको म्हणावं."

"ओरडत नाहीयेत त्या, दोन्या एउफ्रोनिया."

"नाही?" म्हातारीने मान वळवून बराच वेळ लेकीकडे बघितलं. "बरंय मग. चल, तू बटाटे सोल."